कांद्याला काटा, शेळीला अंदाज : सरकारी पशुधन धोरणाच्या दीडशे वर्षांत शेळीपालक कोठे होता?

१/२४
नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुका बाजारपेठेला ठाऊक आहे तो कांद्यामुळे. मुंबई-आग्रा महामार्गावरील उमराणे बाजार समितीत हंगामात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, उघड लिलाव होतो, भुईकाट्यावर वजन होते आणि वजन व भाव लिहिलेली पावती शेतकऱ्याच्या हाती पडते. त्याच परिसरात शेळी विकली जाते तेव्हा सहसा यांतले काहीच घडत नाही. व्यापारी दारात येतो, शेळीची पाठ चाचपतो, मांस किती निघेल याचा मनाशी अंदाज बांधतो आणि नगावर किंमत सांगतो.

२/२४
तीच शेळी पुढे मटणाच्या दुकानात पोहोचते तेव्हा मात्र तिचा भाव किलोवर ठरतो. म्हणजे शेळीचे वजन होतेच; फक्त ते होते तेव्हा तिला वाढवणारी बाई तेथे नसते. काटा व्यवहाराच्या एकाच टोकाला का राहिला, याचे उत्तर गावातल्या व्यापाऱ्याच्या स्वभावात शोधू नये. ते सरकारी संशोधन आणि सरकारी बाजारव्यवस्था यांच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे. या धाग्यात त्याच इतिहासाची मांडणी आहे.

३/२४
प्रथम कायदा पाहावा. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (नियमन) कायदा १९६३ चा. त्याच्या अनुसूचीत कांदा आहे, तशा शेळ्या-मेंढ्याही आहेत. कागदावर दोन्ही 'कृषी उत्पन्न'च. तरीही एकाच्या वाट्याला लिलाव आणि भुईकाटा आला, दुसरीच्या वाट्याला अंदाज. कायद्याने भेद केला नाही. तो त्याआधीच झालेला होता. कोणते जनावर राज्यकर्त्यांच्या लेखी महत्त्वाचे, हे एकोणिसाव्या शतकातच ठरून गेले होते.

४/२४
ही कथा बुळकांडीपासून सुरू होते. या रोगाने गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत. सरकारने नेमलेल्या कॅटल प्लेग कमिशनचा अहवाल १८७१ मध्ये आला. त्यानंतर ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' सुरू झाली. आज बरेलीजवळ इज्जतनगर येथे असलेल्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ हेच. देशातील पशुरोग संशोधनाची पहिली सरकारी प्रयोगशाळा महाराष्ट्रात उघडली, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही.

५/२४
या प्रयोगशाळेला बैलाची एवढी चिंता का होती? बैल मेला की नांगर थांबतो, नांगर थांबला की शेतसारा थकतो. लष्कराची वाहतूकही जनावरांवरच चाले. बैलाचा मृत्यू सरकारी खजिन्याला थेट जाणवत असे. शेळीचा मृत्यू जाणवत नसे. शेळी पाळणाऱ्याकडे बहुधा सारा भरण्याजोगी जमीनच नव्हती. सरकारी संशोधनाचा पहिला प्राधान्यक्रम असा महसुलाने ठरवला.

६/२४
आणि तरीही बैलाला वाचवले ते शेळीने. प्रयोगशाळा १८९३ मध्ये पुण्याहून कुमाऊँच्या डोंगरातील मुक्तेश्वरला हलली. तेथे १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, असा पुन्हा पुन्हा वाढवत नेला. या प्रवासात विषाणू गायीबैलांच्या दृष्टीने दुबळा झाला आणि त्यापासून लस मिळाली. शेळी प्रयोगशाळेत आली ती साधन म्हणून. संशोधनाचा विषय होण्यासाठी तिला आणखी अर्धे शतक वाट पाहावी लागली.

७/२४
स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तोही याच शेळीजन्य लसीच्या बळावर. २०११ मध्ये सारे जग बुळकांडीमुक्त घोषित झाले. माणसाने संपूर्ण नष्ट केलेला, देवीनंतरचा हा दुसराच रोग. सरकारी पाठबळाच्या संशोधनाचे याहून मोठे यश क्वचितच दाखवता येईल. म्हणूनच पुढचा प्रश्न अधिक टोचतो.

८/२४
बुळकांडीच्या विषाणूचा एक सख्खा नातेवाईक शेळ्या-मेंढ्यांना मारतो. तो रोग म्हणजे पीपीआर. भारतात त्याची पहिली ओळख १९८७ मध्ये तमिळनाडूत पटली. त्यावरची परिणामकारक देशी लस मुक्तेश्वरच्याच शास्त्रज्ञांनी तयार केली, पण ती वापरात येईपर्यंत नवे शतक उजाडले होते. बैलाच्या रोगासाठी १८८९ मध्ये प्रयोगशाळा उभी राहिली. शेळीच्या तशाच रोगावर लस मिळायला त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षे लागली.

९/२४
हा इतिहास संपलेला नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्रात गायीगुरांमध्ये लम्पी चर्मरोग पसरला, तेव्हा गावोगावी जनावरांना टोचली गेली ती 'गोट पॉक्स' लस. म्हणजे शेळ्यांच्या देवीवरची. पुन्हा एकदा शेळीसाठी तयार झालेल्या औषधाने गाय वाचवली. यात गैर काहीच नाही. विज्ञानाने असेच एकमेकांच्या कामी यावे. मात्र उपकाराची परतफेड कोणत्या दिशेने किती झाली, हे पाहणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे काम आहे.

१०/२४
आता बाजाराकडे वळावे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी पद्धत जनावरांच्या बाजारात सर्वांना परिचित होती. तशा आडपडद्याच्या व्यवहारांना आळा घालून उघड, नियमबद्ध बाजार उभारण्याचा भारतातील आरंभीचा कायदा मराठी मुलखातलाच : वऱ्हाडचा १८९७ चा कापूस व धान्य बाजार कायदा. तो कापसासाठी झाला, कारण कापूस परदेशी गिरण्यांना हवा होता. नियमबद्ध बाजार प्रथम त्या मालाला मिळाला, ज्याचा गिऱ्हाईक बलवान होता.

११/२४
१९२६ ते १९२८ या काळात लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने संशोधन आणि विक्री या दोहोंची देशव्यापी व्यवस्था सुचवली. त्यातून १९२९ मध्ये कृषी संशोधन परिषद आणि १९३५ मध्ये केंद्रीय कृषी विपणन सल्लागाराचे कार्यालय उभे राहिले. १९३७ च्या प्रतवारी कायद्यातून 'अॅगमार्क' जन्मला. त्याच्या पहिल्या यादीत अंडी, दुग्धजन्य पदार्थ आणि कातडी होती. मेलेल्या शेळीच्या कातड्याला प्रत मिळाली. जिवंत शेळीसाठी मात्र वजन आणि प्रतीची कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही.

१२/२४
याहून विलक्षण गोष्ट १९४० ची. कृषी संशोधन परिषदेला कायमचा पैसा मिळावा म्हणून त्या वर्षी 'कृषी उत्पन्न उपकर कायदा' झाला. निर्यातीच्या ठरावीक मालावर मूल्याच्या अर्धा टक्का उपकर बसला. त्या यादीत कच्ची कातडी आणि लोकरही होती. हा कायदा २००६ पर्यंत टिकला. म्हणजे देशाच्या कृषी संशोधनाचा काही खर्च शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यांतून निघत होता. निर्यातदाराने भरलेला उपकर शेवटी खरेदीच्या भावातच वळता होत असणार, असे मानायला जागा आहे.

१३/२४
सरकारने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे दुधाने दाखवले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईच्या दूध योजनेसाठी खेडा जिल्ह्यातून दूध येऊ लागले. मधल्या कंपनीला नफा आणि आपल्याला तुटपुंजा भाव, हे पाहून १९४६ मध्ये तेथील शेतकऱ्यांनी दूध देणे बंद केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. पुढे तोच अमूल झाला. इकडे १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली आणि मुंबईतले गोठे तेथे हलू लागले. या दोन्ही कामांसाठी दारा खुरोडी, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांना १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार एकत्रित मिळाला.

१४/२४
१९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले आणि १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले. या यशाचे श्रेय बहुधा संकरित गायींना किंवा शीतकरण केंद्रांना दिले जाते. त्यांच्याइतकेच महत्त्व गावच्या संकलन केंद्रावरील मोजमापाला आहे. लिटर मोजले जाते, फॅट तपासले जाते, भाव त्यावर ठरतो. दोन लिटर घालणारी विधवा आणि दोनशे लिटर घालणारा बागायतदार, दोघांचे दूध एकाच मापाने मोजले जाते. मोजमाप आल्यावर चांगल्या जातीला, चांगल्या चाऱ्याला आणि लसीला अर्थ आला, कारण त्यांचा परतावा पावतीवर दिसू लागला.

१५/२४
मेंढीच्या बाबतीत नेमके उलटे झाले. दख्खनी मेंढीची लोकर जाड, काळसर. घोंगडीला उत्तम, गिरणीला निरुपयोगी. म्हणून कित्येक वर्षे सरकारी धोरणाचा रोख मेरिनो, रॅम्बुले अशा विदेशी मेंढ्यांशी संकर करून तलम लोकर मिळवण्यावर राहिला. पण मेंढपाळाची मिळकत लोकरीवर नव्हती. ती कोकरे मांसासाठी विकण्यावर होती. शेकडो मैल चालणाऱ्या कळपात नाजूक संकरित मेंढा त्याला परवडणारा नव्हता. संशोधकांनी उत्तर शोधले, परंतु प्रश्न मेंढपाळाला विचारून घेतला नव्हता.

१६/२४
१९७८ मध्ये राज्याने शेळ्या-मेंढ्यांसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ म्हणून ओळखले जाते. रांजणी, महूद, दहिवडी, बिलाखेड अशा ठिकाणी त्याची प्रक्षेत्रे आहेत. २०१७ मध्ये 'महामेश' योजना आली : भटक्या जमाती (क) प्रवर्गातील मेंढपाळाला २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदानावर. या प्रयत्नांना कमी लेखू नये. मात्र त्यांत जनावर देण्यावर जितका भर आहे, तितका ते विकण्याच्या व्यवस्थेवर नाही.

१७/२४
प्रश्न नीट विचारला की संशोधन कसे फळते, याचे उदाहरण फलटणमध्ये आहे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या कृषी संशोधन संस्थेने मेंढपाळाची खरी गरज ओळखली : अधिक कोकरे. सुंदरबनातील 'गरोल' मेंढीत जुळी देणारे जनुक आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांमार्फत तेच जनुक तेथील 'बुरुला मेरिनो'त पोहोचले, असे मानले जाते. ऑस्ट्रेलियन सरकारच्या संशोधन निधीच्या साहाय्याने ते दख्खनी मेंढीत आणले गेले आणि 'नारी सुवर्णा' तयार झाली.

१८/२४
देवळ्याच्या दृष्टीने जवळची जात मात्र संगमनेरी शेळी. नाशिक, नगर आणि पुणे हे तिचे मूळ क्षेत्र. दूध आणि मांस दोन्हींसाठी उपयोगी, अवर्षणाला सरावलेली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तिच्यावर अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांतर्गत काम चालते. निवडक बोकड गावांत द्यायचे, पिलांची वजने नोंदवायची आणि त्यांतून पुढचे बोकड निवडायचे, अशी ही पद्धत. येथे विसंगती उघडी पडते. संशोधक पिलाचे वजन किलोत नोंदवतो. त्याच पिलाचा बोकड झाल्यावर बाजार ते वजन विचारतच नाही. मग जादा वजनाची जात सांभाळण्याचे मोल पाळणाऱ्याच्या पदरात पडणार कसे?

१९/२४
१९९९ पर्यंत कळवणचा भाग असलेल्या या तालुक्यात गिरणेचा काठ बागायती आहे, तर पूर्वेकडचा भाग कोरडा. जेथे विहीर तळ गाठते, तेथे दोन-चार शेळ्या हेच घरचे बचत खाते असते. 'गरिबाची गाय' हे शेळीचे नाव उगाच पडलेले नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार राज्यात एक कोटीहून अधिक शेळ्या आहेत. तरीही २०२१ मध्ये सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानातील शेळीपालनाचा सर्वांत मोठा प्रकल्प ५०० माद्या आणि २५ नरांचा, ५० लाखांपर्यंतच्या अनुदानाचा आहे. राज्याच्या योजनेतील १० शेळ्या आणि १ बोकड हा गट लहान खरा. पण तीन शेळ्यांच्या मालकिणीला त्यासाठीही कागदपत्रांचा डोंगर चढावा लागतो.

२०/२४
जगात इतरत्र काय झाले? ऑस्ट्रेलियाने १९३६ मध्ये लोकरीच्या प्रत्येक गासडीमागे सहा पेन्स आकारून संशोधन व प्रसिद्धीचा निधी उभारला. आज तेथे मांसाच्या जनावरांच्या विक्रीवर आकार असतो आणि संशोधनासाठी सरकार तितकीच भर घालते. अमेरिकेने १९८५ च्या कायद्याने गोमांसाच्या प्रसार-संशोधनासाठी जनावरामागे १ डॉलर घेणे सुरू केले. काही पशुपालक न्यायालयात गेले : आमच्या पैशातून आम्हाला न पटणाऱ्या जाहिराती का? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जाहिरात सरकारचीच वाणी मानली आणि सक्ती कायम ठेवली. पैसा उत्पादकाचा आणि आवाज दुसऱ्याचा, हा धोका तेथेही सुटलेला नाही. १९४० च्या उपकरात तर आपल्याकडे कातडे कमावणाऱ्या हातांना आवाजच नव्हता.

२१/२४
काट्याविरुद्धचे आक्षेप खरे आहेत. बकरी ईदचा बोकड रूपावर, रंगावर, दातांवर विकला जातो. तेथे वजन दुय्यम. शेळी विकण्याची वेळ बहुधा दवाखाना किंवा शाळेची फी घेऊन येते. बाजारच्या दिवसापर्यंत थांबायला सवड नसते. बाजार समितीत गेले की वाहतूक आणि शुल्क वाढते. मरतुकीची जोखीम व्यापारी घेतो आणि रोख पैसेही तोच देतो. म्हणून सक्तीचा बाजार हे उत्तर नव्हे. पण दाराशी सौदा होत असला, तरी वजन दाराशीच करता येते. गावातल्या दूध केंद्रावर किंवा महिला बचत गटाकडे जनावर तोलण्याचा एक टांगता काटा ठेवणे सरकारला जड नाही.

२२/२४
मोजमाप म्हणजे न्याय नव्हे, हेही मान्य करावे. फॅटचे मशीन असूनही जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना दूध रोखावे लागले. भुईकाटा असूनही २०२३ मध्ये आधी ४० टक्के निर्यात शुल्काने आणि मग निर्यातबंदीने कांद्याचा भाव पाडला, आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. तथापि त्या शेतकऱ्यांना भांडता तरी आले, कारण कालचा भाव आणि आजचा भाव दोन्ही लिहिलेले होते. अंड्याचा भावही पुण्यात १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या अंडी समन्वय समितीमुळे रोज जाहीर होतो. शेळीचा भाव कोसळला, तर कोणी कशाच्या आधारे आंदोलन करावे? कोसळला हे सिद्ध करणारा आकडाच नाही.

२३/२४
म्हणून मागणी मोठ्या योजनेची नाही. देवळा आणि उमराणे येथील बाजार समित्यांनी शेळ्या-मेंढ्यांसाठी काटा ठेवावा आणि जिवंत वजनाचा किलोमागचा भाव कांद्याच्या भावाशेजारी फलकावर लिहावा. राहुरीच्या निवडक बोकडांची नोंद तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात उपलब्ध असावी. पीपीआरची लस पावसाळ्यापूर्वी वेळेवर पोहोचावी. आणि शेळीच्या विक्रीवर कधी आकार बसलाच, तर तो कोठे खर्च व्हावा हे ठरवणाऱ्या समितीत शेळ्या पाळणाऱ्या स्त्रिया असाव्यात, नावापुरत्या नव्हे, निम्म्याने.

२४/२४
पुण्याच्या प्रयोगशाळेपासून आजपर्यंत सरकारने पशुधनासाठी पुष्कळ केले. बुळकांडी संपवणे आणि दुधाला भाव देणे ही थोर कामे होती. त्या यशांमागे प्रत्येक वेळी बलवान हितसंबंध उभे होते : सारा, सैन्य, गिरणी, मुंबई. शेळीमागे तसे कोणीच नव्हते. तिने लसीसाठी शरीर दिले, उपकरासाठी कातडे दिले आणि दुष्काळात घर चालवले. इतिहासाचे हे येणे अनुदानाने फिटणारे नाही. ते फेडायची सुरुवात करायची असेल, तर तिचे वजन तिच्या मालकिणीच्या डोळ्यांदेखत व्हायला हवे.

(धागा समाप्त)